टर्बोजवळ ऑईल दिसलं म्हणजे टर्बो गेलाच असं नाही

पिकअपच्या बॉनेटखाली टर्बोच्या अंगावर ऑईलचा ओघळ दिसला की निकाल लगेच लागतो: टर्बो गेला, नवीन टाका. कोल्हापुरात हा निकाल मार्केट यार्डाच्या रांगेत शेजारच्या गाडीचा ड्रायव्हरही देतो आणि हायवेवरचं गॅरेजही देतं. नवा टर्बो म्हणजे कित्येक खेपांचं भाडं एका दमात गेलं. खरी पंचाईत तर त्यानंतर होते. नवा टर्बो बसतो, इंजिन धुऊन चकाचक होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच ओघळ, पुन्हा तोच निळा धूर. मग ‘माल डुप्लिकेट दिला’ म्हणून भांडण सुरू. पुष्कळदा माल चांगलाच असतो. ऑईल बाहेर पडायचं मूळ कारण दुसरीकडे असतं आणि त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

म्हणून टर्बो खोलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची. ऑईल नेमकं कुठून येतंय? आणि ते तिथून का येतंय? पहिल्याचं उत्तर चिंधी, टॉर्च आणि थोड्या धीराने मिळतं. दुसऱ्यासाठी टर्बो ऑईलला अडवून कसा धरतो ते कळायला हवं, म्हणून आधी तेच बघू.

टर्बोत ऑईल अडतं कसं

टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा इंजिनातून निघालेल्या गरम धुराच्या जोरावर फिरतो. त्याच्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. पिकअपच्या डिझेल इंजिनावरचा छोटा टर्बो लोडवर मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतो. एवढ्या वेगाला धातूवर धातू घासून चालत नाही. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. हे ऑईल इंजिनाच्या ऑईल पंपाकडून बारीक पाईपने दाबाखाली येतं, शाफ्टला आधार देतं, त्याची उष्णता घेतं आणि खालच्या जाड पाईपने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, परत पडतं.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली अशी की टर्बोत ऑईल जातं ते पंपाच्या दाबाने, पण परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. परतीच्या पाईपवर कुठलाही पंप नाही. त्यात बेअरिंगमधून बाहेर पडणारं ऑईल हवेत घुसळून फेसाळ झालेलं असतं, त्याला जागा जास्त लागते. म्हणूनच परतीचा पाईप जाड असतो आणि शक्य तितका सरळ खाली उतरलेला असतो.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. क्रँकला असतो तसा रबरी ऑईल सील टर्बोच्या शाफ्टला नसतो. गरम बाजूला लोडवर धुराचं तापमान ६००-७०० अंशांपर्यंत जातं, तिथे रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते आणि ती पूर्ण बंद करणारी नसते. ऑईल अडतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे. दोन्ही पंख्यांच्या मागे हवेचा किंवा धुराचा दाब जास्त असतो, मधल्या घरात कमी असतो, त्यामुळे ऑईलला पंख्यांकडे यायला वाट मिळत नाही. हा तोल बिघडला की कालच बसवलेला कोरा टर्बोही ऑईल सोडतो. न्हाणीची मोरी तुंबली आणि नळ सुरूच राहिला तर पाणी उंबऱ्यावरून घरात येतं. तिथे उंबरा बदलून काय होणार?

आधी पुसायचं, मग बघायचं

‘मिस्त्री, टर्बोच गेलाय न्हवं?’
‘आधी पुसू या. मग कळंल कुठनं येतंय ते.’

असं म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका. माखलेल्या इंजिनावर लीकेज शोधता येत नाही. ऑईल वरून खाली ओघळतं, रेडिएटरच्या पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं आणि त्यावर धूळ बसून सगळीकडे सारखाच काळा थर तयार होतो. इंजिन गार असताना टर्बो, त्याचे पाईप आणि वरचं टॅपेट कव्हर डिग्रीझर लावून स्वच्छ करा, कोरडं पुसा. मग संशयाच्या जोडांभोवती साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन काही वेळ चालवा, शक्य असेल तर शिरोली पुलापर्यंत एक फेरी मारून या. परत आल्यावर पावडरीत जिथे पहिला ओला डाग दिसेल, तिथे उगम. नेहमी सगळ्यात वरचा ओला बिंदू शोधायचा. खालचं सगळं त्याचंच वाहून आलेलं असतं. उगम अगदीच सापडत नसेल तर ऑईलमध्ये घालायचा रंग मिळतो, तो निळ्या-जांभळ्या अतिनील टॉर्चखाली चमकतो.

वरून येणाऱ्या ऑईलचा पहिला संशयित म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग. उष्णतेने ते कडक होतं, मागच्या कोपऱ्यातून पाझरतं आणि थेंब टर्बोच्या गरम लोखंडावर पडून बॉनेटमधून जळका वास आणि धूर येतो. घाबरलेला मालक टर्बोकडे बोट दाखवतो आणि टर्बो बिचारा बिनकसूर असतो.

दुसरा संशयित ऑईल येणारा बारीक पाईप. तो टर्बोवर ज्या पोकळ बेंजो बोल्टने बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. तांबं एकदा दाबून बसलं की कडक होतं, पुन्हा तेच वायसर लावले तर पकड घेत नाही. अनेक ठिकाणी जुनेच वायसर उलटे करून लावतात आणि पाझर थांबेना म्हणून बोल्ट आणखी आवळतात. हा बोल्ट आतून पोकळ असल्यामुळे जास्त जोर केला की तुटतो. नवे वायसर काही रुपयांत मिळतात. तिथे काटकसर करू नये.

टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमध्ये गार होते. त्या इंटरकूलरच्या रबरी होजच्या क्लिपजवळ तेलकट धूळ जमली असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे मुळात हवा फुटतेय आणि हवेबरोबर आतला ऑईलचा तवंग बाहेर येतोय. सोबत गाडी चढाला उठत नसेल आणि काळा धूर मारत असेल तर संशय पक्का. क्लिप आवळा किंवा होज बदला.

आत जाणारं ऑईल: आधी आणि नंतर

बाहेर सगळं कोरडं आहे, पण गाडी ऑईल खातेय आणि निळा धूर मारतेय, असं असेल तर ऑईल आतून जातंय. इथे मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत फार सोपी आहे. टर्बोच्या आधीचा भाग आणि नंतरचा भाग, दोन्ही उघडून शेजारी शेजारी तपासायचे.

हवेच्या बाजूने सुरुवात करा. इंजिन बंद आणि गार असताना एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाईप काढा, आत बोट फिरवा. नंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाईप काढून तसंच करा. दोन्हीकडे पातळ तवंग असेल तर काळजीचं कारण नाही. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू चेंबरमध्ये येतो, तिथून ब्रीदरच्या पाईपने ऑईलची बारीक वाफ सोबत घेऊन टर्बोच्या तोंडाशी सोडला जातो. हल्लीच्या बंद ब्रीदरच्या गाड्यांत एवढा तेलकटपणा असतोच. पण टर्बोच्या आधीच पाईप ओलाचिंब असेल तर ऑईल ब्रीदरमधून येतंय, टर्बोचा त्यात दोष नाही. आधीचा पाईप जवळजवळ कोरडा आणि नंतरच्या पाईपमधून ऑईल ओघळतंय, इंटरकूलर वाकडा केला की कपभर ऑईल सांडतंय, असं असेल तर ते टर्बोच्या गार बाजूच्या रिंगमधून येतंय.

धुराच्या बाजूलाही हाच नियम. टर्बोच्या मागचा सायलेन्सरचा पाईप सोडवला की गरम पंखा दिसतो. तिथे ओलं, काळं, चिकट दिसलं म्हणून लगेच टर्बोवर ठपका ठेवायचा नाही. टर्बोच्या आधीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोत नेणारा भाग, बघायला हवा. मॅनिफोल्डची तोंडंही ओली असतील तर ऑईल सिलिंडरमधूनच येतंय: रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे सील. मॅनिफोल्ड कोरडा, काजळीचा, आणि टर्बोनंतरच्या पाईपात ओलं, तर मग टर्बो. मॅनिफोल्ड उघडणं जरा कष्टाचं काम आहे, नट गंजलेले असतात, पण नव्या टर्बोच्या किमतीपुढे ती मजुरी काहीच नाही. ओलावा बोटावर घेऊन वासही घ्या. इंजेक्टर खराब असेल तर न जळलेलं डिझेलही इथे साचतं आणि दिसायला ऑईलसारखंच दिसतं.

नुसत्या धुरावरून निदान करू नका. बराच वेळ आयडलवर उभी राहून गाडी हलवताना निळ्या धुराचा लोट आला तर तो टर्बोचा असू शकतो आणि व्हॉल्व्ह सीलचाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी किंवा कच्चं डिझेल आत जातंय का ते बघायचं.

शाफ्ट हलवून बघणं

पंखा दिसायला लागला की प्रत्येकजण तो हलवून बघतो आणि थोडा हलला की मान डोलावतो. ऑईलच्या थरासाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे गार टर्बोचा शाफ्ट आडवा थोडा हलतोच. शाफ्ट एका बाजूला हलका दाबून तसाच गोल फिरवायचा. पंख्याची पाती बाहेरच्या घराला घासत असतील किंवा घराच्या आतल्या भिंतीवर ताजे चकचकीत ओरखडे असतील तर बेअरिंग गेलं. शाफ्ट पुढे-मागे ओढून बघितला तर हाताला जवळजवळ काहीच जाणवायला नको. तिथे स्पष्ट खटका लागला तर टर्बो उतरवायचाच. पात्यांच्या कडा खाल्लेल्या, बोथट झालेल्या दिसल्या तर धूळ किंवा खडा आत गेलाय, तेव्हा एअर फिल्टरचा पाईप कुठे फाटलाय ते त्याच वेळी शोधा.

टर्बो ठीक असूनही ऑईल का सोडतो

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात.

परतीचा जाड पाईप काढून उजेडाकडे धरून आरपार बघा. गाडी गगनबावड्याकडून घाट चढून आली आणि लगेच चावी बंद केली, असं वारंवार झालं की टर्बोत अडकलेलं ऑईल तिथेच भाजून त्याचा कोळसा होतो आणि त्याच्या खपल्या पाईपात साचतात. काही गाड्यांत पाईपचा मधला तुकडा रबरी असतो. तो बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतला थर फुगून निम्मी वाट अडवतो. आणखी एक प्रकार डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. पॅकिंगऐवजी किंवा पॅकिंगच्या जोडीला कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब भरपूर लावलेली असते. बोल्ट आवळले की ते सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून येतं आणि करंगळीएवढ्या जाड भोकाच्या कडेला लाल-निळा गोळा लोंबतो. कधी तो सुटून पाईपातच अडकतो. टर्बोच्या ऑईलच्या जोडांना सिलिकॉन अजिबात लावायचं नाही. तिथे फक्त योग्य मापाचं नवं पॅकिंग लावायचं.

पाईप मोकळा असेल तर चेंबरमधला दाब बघा. टर्बोचं मधलं घर परतीच्या पाईपने चेंबरलाच जोडलेलं आहे, तेव्हा चेंबरमध्ये दाब वाढला की ऑईल खाली पडायला कचरतं. ढोबळ तपासणी अशी: इंजिन आयडलवर असताना ऑईल भरायचं झाकण सोडवून उलटं तसंच तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. झाकण उडून पडलं आणि आतून धुराचे भपके येऊ लागले तर एक तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात. ब्रीदरचा पाईप तात्पुरता सोडवून बाटलीत सोडा. पाईप सोडताच झाकणावरचे भपके कमी झाले तर अडथळा पुढे पाईपात आहे. ब्रीदरच्या तोंडातूनही इंजिन जोरात फुंकत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिन काम निघालेल्या गाडीला नवा टर्बो घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नेमकं मोजायचं असेल तर चेंबरचा दाब मोजायचं मीटर जोडून कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडायचं.

एअर फिल्टरकडे आपल्याकडे जरा जास्तच लक्ष द्यायला हवं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगची ने-आण करणाऱ्या गाड्या बारीक वाळूच्या धुळीत उभ्या असतात. उसाच्या हंगामात शेताच्या कच्च्या रस्त्यांची धूळ त्यात भर घालते. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ शाफ्टच्या बाजूने ऑईल खेचून घेते. अशा गाडीने पुस्तकातल्या किलोमीटरांची वाट बघू नये, त्याआधीच फिल्टर बदलावा. जोराची हवा मारून कागद फाटलेला फिल्टर परत बसवणं तर त्याहून वाईट, कारण मग धूळ सरळ पंख्यावर जाते.

यार्डात गुळाचे रवे उतरेपर्यंत किंवा दूध संस्थेच्या दारात इंजिन तासभर आयडलवर ठेवायची सवयही टर्बोला मानवत नाही. आयडलवर पंख्यांमागचा दाब अगदी कमी असतो, मग ऑईल थोडं थोडं सुटतं. थांबा लांबणार असेल तर इंजिन बंद करा. पण करूळ किंवा आंबा घाट लोडने चढून आल्यावर चावी बंद करण्याआधी १-२ मिनिटं आयडल जरूर द्या. तेवढ्यात टर्बोचा वेग उतरतो आणि फिरतं ऑईल त्याला गार करतं.

आणखी एक कारण म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर ऑईल जास्त असणं. ‘थोडं वर असलेलं बरं’ ही समजूत चुकीची आहे. पातळी फार वर गेली की परतीच्या ऑईलला उतरायला जागा राहत नाही आणि क्रँक ते घुसळून काढतो. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांत धुराचा काजळी फिल्टर आहे, तिथे आणखी एक शक्यता असते. तो फिल्टर साफ करताना इंजिन जादा डिझेल सोडतं आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहिलं तर काही डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑईल न घालताच पट्टीवरची पातळी वाढत असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल तर ते बदलून टाका. असं पातळ झालेलं ऑईल बेअरिंगही खातं.

ज्यात वेळ घालवायचा नाही

ऑईल सोडणारा टर्बो चालवत राहण्याचा एक मोठा धोका आहे. हवेच्या पाईपात पुरेसं ऑईल साचलं की डिझेल इंजिन त्या ऑईलवरच पळू लागतं. आरपीएम आपोआप चढत जातात, मागे पांढरा-निळा धुराचा डोंगर होतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, कारण आता ते डिझेलवर चालतच नसतं. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, टॉपचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. ते जमलं नाही तर हवेचं तोंड जाड फळीने बंद करता येतं. हात किंवा कापड तिथे कधीच नेऊ नका, पंखा ते ओढून घेतो. दोन्ही जमत नसेल तर गाडीपासून लांब व्हा आणि इतरांनाही लांब करा. म्हणून इंटरकूलरमधून ऑईल ओतून निघतंय असं दिसलं की लोड घेऊन घाटात जायचं नाही. टो करून गॅरेजला न्यायची.

बदलायचाच ठरला तर

सगळं तपासून टर्बोच गेलाय हे सिद्ध झालं तर पूर्ण नवा घ्यायचा की मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग बदलून घ्यायचा हा हिशेब करता येतो. दुसरा मार्ग स्वस्त पडतो. मात्र काम करणाऱ्याकडे बॅलन्सिंगचं मशीन आहे का, हे विचारल्याशिवाय टर्बो हातात देऊ नका. उद्यमनगरात लेथवर हवं ते घडवून देणारे कारागीर आहेत, शेतीपंपाची ऑईल इंजिनं याच शहरात घडली. पण लाखभर फेऱ्यांना फिरणाऱ्या शाफ्टचा तोल नजरेने किंवा हाताने साधत नाही.

बसवताना ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही नवे घ्या. येणारा बारीक पाईप आतून साफ करा, शंका असेल तर बदलाच. काही गाड्यांत बेंजो बोल्टच्या आत बारीक जाळी असते. ती तुंबली असेल तर नवा टर्बो उपाशी राहून मरेल. पाईप जोडण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑईल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. मग इंजिन सुरू न होता फक्त सेल्फ फिरेल अशी सोय करून ऑईलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं आयडलवरच ठेवा, लगेच रेस देऊ नका.

इंटरकूलर आणि त्याचे पाईप उतरवून आतलं जुनं ऑईल पूर्ण काढून टाका, नाहीतर नवा टर्बो बसवूनही तेच ऑईल इंजिन पळायला कारण होईल. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळून जायला मात्र थोडा वेळ लागतो. पहिल्या काही फेऱ्यांत थोडा निळसर धूर आला तर तो त्याचाच असतो, दिवसागणिक तो कमी होत गेला पाहिजे. सपाट जागेवर, गार इंजिनाला पट्टीवरची ऑईलची पातळी बघून डायरीत लिहून ठेवा आणि ५०० किलोमीटरनंतर त्याच जागी, तशाच गार इंजिनावर पुन्हा बघा. पातळी बरीच उतरली असेल तर पुन्हा परतीचा पाईप आणि ब्रीदर, याच क्रमाने सुरुवात करायची.